बरे होणार की दिवस वाढणार?
१४ वर्षांच्या मांजरीची मूत्रपिंडे निकामी होत असताना तिच्यावर किती खर्च करावा, या प्रश्नावर ‘जनावरापायी कर्ज काढू नये’ असे उत्तर वर आले आहे. ते मला अपुरे वाटते. रकमेआधी डॉक्टरांना हे विचारावे की उपचाराने आजार बरा होणार आहे की केवळ दिवस वाढणार आहेत, आणि ते दिवस तिला कसे जातील. पार्व्हो हा विषाणूजन्य आजार झालेले कुत्र्याचे पिल्लू सलाइनवर काही दिवस तगले, तर पुढे ठणठणीत जगू शकते. तिथे उसनवारी करूनही झुंजावे. मांजरांच्या जुनाट मूत्रपिंडविकारात मात्र रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी क्षमता गेलेली असते आणि ती परत येत नाही. तरीही पथ्याचा आहार आणि डॉक्टरांकडून शिकून घरीच कातडीखाली दिलेले सलाइन, एवढ्यावर काही मांजरे कित्येक महिने, क्वचित वर्षेही सुखाने काढतात. आमची मनी सुई काढताच उठून मासळीच्या पातेल्याकडे जात असे. पुढे तिने बांगड्याचा वास घेऊनही तोंड फिरवले, अंग चाटणे सोडले, तेव्हा आम्ही उपचार थांबवले. पैशांची ओढाताण असल्यास मुंबईकरांनी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या प्राण्यांच्या जुन्या धर्मादाय रुग्णालयात अवश्य चौकशी करावी.

शोकाबद्दल एवढेच सांगते की, या मृत्यूला ना सुतक ना रजा, त्यामुळे रडतानाही माणूस संकोचतो. कृपया संकोचू नका, आणि मुलांना ‘ती झोपली’ असे न सांगता ती गेली हे स्पष्ट सांगा.