विषय: कॅम्परचे टेल लाइट मंद पेटतायत, कोजागिरीच्या आधी काहीतरी सुचवा

नमस्कार मंडळी,

विषय आपल्या मराठी मंडळाचा नाही, आधीच माफी मागतो, पण या मेलच्या यादीत कॅम्परवाले तीन-चारजण तरी आहेत म्हणून विचारतो. मागच्या वर्षी जुन्या पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायचा कॅम्पर, म्हणजे झोपायची छोटी खोली, घेतला, सेकंडहँड. कोजागिरीला सगळे ली व्हायनिंगला जमणार आहोत, म्हणजे टायोगा पासच्या घाटावरून, 9,943 फूट, आणि आम्ही निघणार शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर, म्हणजे अख्खा घाट रात्रीचा. आणि कॅम्परचे मागचे लाल दिवे असे पेटतायत की जणू कुणी उदबत्ती लावून ठेवलीय. ट्रकचे स्वतःचे दिवे एकदम ठणठणीत, पण ते कॅम्परखाली झाकले जातात अर्धेअधिक.

बल्ब बदलले, दोन्हीकडचे, 1157 नंबरचे, काही फरक नाही. मीटरने पांढरी वायर तपासली, बीप येतो, म्हणजे अर्थ (करंट परत जायची वायर) ठीक आहे. मग आता काय राहिलं?

– फ्रीमाँटचा कॅम्परवाला

---

अरे एलईडी टाक की सरळ. मी टाकले, लख्ख. वीस डॉलर. आणि हो, मसाला दुधाला किती डोकी धरायची ते कोणीच कळवलेलं नाहीये!!

– सनीव्हेलची वहिनी

---

वहिनी, आम्ही चार. (एलईडीबद्दल मी शांत बसतो.)

– मिलपिटास

---

मला कृपया या यादीतून काढा.

---

कॅम्परवाले दादा,

एलईडी टाकलात तर दिवे उजळतीलही, कारण त्यांना करंट फार कमी लागतो, पण दुखणं आत तसंच राहील, म्हणून आधी दोन-तीन गोष्टी सांगा. टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला तर टेल लाइट आणखी मंद होतो का? डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा दिवापण हळूच लुकलुकतो का? आणि हेडलाइट पूर्ण बंद ठेवून नुसता इंडिकेटर दिला तर वरचे पाच मार्कर दिवे मिणमिणतात का?

तिन्हीला हो असेल तर डोळे झाकून सांगतो, अर्थ गेलेला आहे, बीप काहीही म्हणो. 1157 मध्ये दोन फिलामेंट असतात, मोठी ब्रेक-इंडिकेटरची साधारण 27 वॉट आणि छोटी टेलची 8 वॉट, आणि दोन्हींचा परतीचा रस्ता एकच. तो रस्ता तुंबला की करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि ट्रकच्या बल्बांमधून घरी जातो. म्हणून हा भुताटकीचा खेळ.

ट्रकला लोखंडी चासी असते, तिथे कुठेही अर्थ मिळतो. कॅम्पर म्हणजे लाकूड, फायबर नाहीतर अॅल्युमिनियम, खाली रबराची मॅट, ट्रकच्या लोखंडाला कुठे चिकटतच नाही. परतीचा रस्ता फक्त कॅम्पर ट्रकला जोडणाऱ्या प्लगमधली पांढरी वायर.

– सॅक्रामेंटो काका

---

काका, तिन्हीला हो!! पण मग बीप का येतो?

– फ्रीमाँट

---

बीप येतो कारण मीटर तपासताना जवळजवळ शून्य करंट सोडतो. वायरच्या पन्नास तारांपैकी एक शिल्लक असली तरी तो खूश. दिवे लावले की तिथून दोन-अडीच अँपिअर जायला हवेत, आणि तेव्हा ती एकटी तार नांगी टाकते. पायवाटेवरून माणूस जातो, ट्रक जात नाही, तसं.

मीटरचं ओहम, म्हणजे ते बीपवालं, विसरा. दिवे चालू ठेवा, मीटर व्होल्टवर, एक टोक ट्रकच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कॅम्परच्या दिव्याच्या पांढऱ्या वायरला. 0.1, फार तर 0.2 व्होल्ट यायला हवेत. जास्त आले तर तेवढे तुमच्या बल्बच्या वाट्याचे वाटेत खाल्ले गेले. मग तेच टोक एकेक पायरी ट्रककडे सरकवत या, जिथे आकडा धपकन पडेल तिथे चोर.

– सॅक्रामेंटो काका

---

मंडळी, रिपोर्ट देतो, लांबलंय, सांभाळून घ्या.

सासरे आलेत पुण्याहून सहा महिन्यांसाठी. दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला त्यांचा. मी शनिवारी ड्राइव्हवेवर मीटर घेऊन उकिडवा बसलेला बघून बाहेर आले, म्हणाले "टेस्ट लॅम्प नाही का?" नाही म्हटल्यावर माझ्या डब्यातला इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब घेतला, दोन वायरी जोडल्या, झाला. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं ट्रकच्या चासीला, लख्ख. तेच दुसरं टोक कॅम्परच्या पांढऱ्या वायरला, पिवळट, रडका. म्हणाले, "जावईबापू, अर्थच लागत नाहीये तुमच्या गाडीला." आणि आत जाऊन चहा घेतला. मी तिथेच.

काकांच्या पद्धतीने मोजलं तर दिव्यापाशी 3.1, कॅम्परच्या प्लगच्या मागे 3.0, प्लग ज्यात बसतो त्या ट्रकच्या सॉकेटमध्ये 0.05. म्हणजे बॅटरीच्या साडेबारापैकी बल्बला मिळत होते जेमतेम साडेनऊ व्होल्ट, आणि साडेनऊला प्रकाश निम्माही राहत नाही हे मला आता कळलं. प्लग उघडला. पांढऱ्या वायरच्या स्क्रूवर हिरवी पावडर, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखी, आणि तारा नुसत्या हात लावल्या तर तुटून तळहातावर. चार उरल्या होत्या. प्लगचं रबराचं झाकण आधीच्या मालकाच्या काळातच गेलेलं, आणि आम्ही दर महिन्याला समुद्रावर जाणार, खारी हवा सरळ आत.

बरं झालं एलईडी टाकले नाहीत. सॉरी वहिनी.

– फ्रीमाँट

---

छान! सासऱ्यांना नमस्कार सांगा. नवीन सात पिनांचा प्लग घ्या, वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, पांढरी वायर निदान 10 गेजची, म्हणजे चांगली जाड, असू द्या, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, ओल आत शिरत नाही. घरातल्या वायरिंगच्या पिळायच्या टोप्या नकोत, हादऱ्याने सुटतात.

आणि एक महत्त्वाचं. रंगाला रंग जोडू नका!! ट्रेलरवाल्यांच्या पद्धतीत टेल लाइट तपकिरी असतो, आरव्हीवाल्यांच्यात (राहायच्या गाड्या, कॅम्पर वगैरे) टेल लाइट हिरवा आणि तपकिरी म्हणजे उजवा इंडिकेटर. प्लगच्या आत स्क्रूपाशी टीएम (टेल-मार्कर), एलटी (डावा), आरटी (उजवा), जीडी (अर्थ) अशी अक्षरं असतात, ती बघा. टेस्ट लॅम्प दिव्यांच्या वायरींपुरताच ठेवा, एअरबॅग किंवा कॉम्प्युटरच्या वायरीला लावलात तर कोजागिरी महागात जाईल.

– सॅक्रामेंटो काका

---

आम्हाला मंद टेल लाइटवरूनच हायवे पेट्रोलने थांबवलं होतं. कॅलिफोर्नियात टेल लाइट 1,000 फुटांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. दुरुस्त करून दाखवलं की 25 डॉलरमध्ये सुटतं, पण अर्धा दिवस जातो.

– मिलपिटास

---

काका, आज रात्री प्लग बसवला. मिलपिटासचं वाचून बायकोला गल्लीच्या टोकाला पाठवलं, तीनशे मीटर होतील, फोनवर म्हणाली, "दिसतायत, मस्त लाल दिसतायत, पण उजवाच एवढा भगभगीत का?" म्हटलं थांब, उजवा इंडिकेटर देतो. तर म्हणाली, "अहो, आता वरचे पाच आणि खालचे सगळे, दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकतायत."

पाकिटावर रंगांचं चित्र होतं हो. त्याच्यावरूनच जोडले मी. तुमची मेल प्लग बंद केल्यावर वाचली.

सासरे खिडकीतून बघतायत, काही बोलत नाहीयेत. उद्या परत उघडतो. वहिनी, आम्ही पाच धरा.

– फ्रीमाँट