बारक्या धंद्यानं आयटीआयचा अप्रेंटिस घ्यावा का?

मिरकरवाड्याचा_बर्फवाला

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत बंदराजवळ माझा बर्फाचा कारखाना, आणि लागूनच्या शेडमध्ये बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप. सगळे धरून अकरा माणसं, त्यातली दोन ठेकेदाराची. परवा आयटीआयमधून फोन आला, ‘शेठ, एखादा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्या, सरकार पैसे देतं.’ किती देतं विचारलं, तर महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. एवढ्यासाठी कोण डोक्याला ताप करून घेणार?

पोराला वर्षभर शिकवायचं, त्याच्या हातून चार गॅस्केट फाटणार, बोल्टांचे आटे जाणार, आणि हात बसला रे बसला की तो पुण्याला नाहीतर गोव्याला. वर कागदपत्रं. उद्या ‘मी तुमचा कायम कामगार’ म्हणून उभा राहिला तर?

पण दुसरी बाजूपण आहे. माझा मिस्त्री साठीला आला. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगतो. त्याच्या हाताखाली कुणी तयार नाही. त्याला म्हटलं, ‘शिकवशील का एखाद्याला?’ तर म्हणतो, ‘बघून शिकला तर शिकू दे, मी काय मास्तर नाय.’

ज्यांनी खरोखर अप्रेंटिस घेतलेत त्यांनीच लिहा. योजनेचं माहितीपत्रक माझ्याकडे आहे, तेच परत चिकटवू नका.

कॅनिंगची_हिशेबवाली

१,५०० रुपयांसाठी घेणार असाल तर घेऊ नका, सरळ सांगते. आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. हिशेब आणि माणसांचे कागद माझ्याकडे असतात, त्यामुळे पैशाचं आधी उरकते.

२०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या मुलाला महिना किमान ७,००० विद्यावेतन. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत (२०१६ पासून चालू आहे ती) सरकारचा वाटा पाव हिस्सा, पण १,५०० च्या वर नाही. म्हणजे तुमच्या खिशातून ५,५००. करार करायच्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरचा चालू आकडा धरा. पूर्वी सगळी रक्कम आपण द्यायची आणि मग सरकारकडे मागत बसायचं, ती कटकट होती. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. पीएफ नाही, ईएसआय नाही.

कायम कामगाराची भीती काढून टाका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. करार संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन नाही; करारातच तसं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. मात्र काम करताना इजा झाली तर भरपाई तुमच्यावर येते. सुरक्षेचे नियमही इतरांसारखेच त्याला लागू. बर्फ गोठवायच्या अमोनिया वायूजवळ काम आहे तुमचं, विमा काढल्याशिवाय पोराला आत घेऊ नका.

तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीसमध्ये ऐच्छिक. ठेकेदाराची माणसंही मोजतात. एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के घेता येतात. अकरा माणसांत तुम्ही एकच धरून चाला.

आता आम्ही का घेतो ते. मेंटेनन्सला फिटर पाहिजे म्हणून जाहिरात दिली की जे येतात त्यांची वीस मिनिटं मुलाखत होते. वीस मिनिटांत माणूस काय कळणार? सर्टिफिकेट सगळ्यांची छान. अप्रेंटिस वर्षभर डोळ्यांसमोर असतो. वाफेची लाइन उघडायच्या आधी प्रेशर बघतो का, हत्यार पुसून जागेवर ठेवतो का, चुकलं तर येऊन सांगतो की झाकतो, हे सगळं दिसतं. आमचा आजचा मेंटेनन्सचा मुख्य माणूस असाच आला. तो मुलाखतीला आला असता तर मीच नको म्हटलं असतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या.

गेले नाहीत का? गेले की. एक जण पुण्याला गेला, डबे सील करायची मशिनं बनवणाऱ्यांकडे. मे महिन्यात रविवारी आमचं सीमर (तेच डबे सील करायचं मशीन) अडलं, तेव्हा कंपनीचा हेल्पलाइनवाला ‘सोमवारी बघतो’ म्हणाला आणि ह्या पोरानं फोनवर सांगून तासाभरात चालू करून दिलं. बाहेर आंब्याचे टेम्पो उभे होते. त्याच्या वर्षभराच्या विद्यावेतनाची वसुली माझ्या मते त्या तासात झाली.

आणि राहिला तुमचा मिस्त्री. त्याला ‘शिकव’ म्हणूच नका. पोराला एक दोनशेपानी वही द्या. रोज संध्याकाळी काय काम केलं, काय उघडलं, काय मापं निघाली ते लिहायचं आणि मिस्त्रीची सही घ्यायची. प्रशिक्षणाची नोंद कायद्यानं ठेवावीच लागते, तेव्हा निमित्त आयतं आहे. आमचे बॉयलरवाले काका पहिल्या आठवड्यात न वाचता सही करायचे. मग एक दिवस चुकीचं लिहिलेलं दिसलं आणि काका जे भडकले! तेव्हापासून रोज अर्धा तास वहीवर वाद. त्या वह्या आता माझ्या कपाटात कुलपात आहेत.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयला मेकॅनिक डिझेल शिकवत असे. हिशेबवाली ताईंनी सांगितलेल्यात दोन-तीन गोष्टींची भर.

तुमच्याकडे दोन ट्रेड बसतात. वर्कशॉपला मेकॅनिक डिझेल, बर्फाला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगवाला. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा कोर्स आहे, त्यामुळे दहावीनंतर आलेला मुलगा पास होतो तेव्हा सतरा वर्षांचाही असू शकतो. धोकादायक उद्योगात अप्रेंटिसचं किमान वय १८ आहे. जन्मतारीख बघूनच अमोनियाच्या बाजूला पाठवा.

दुसरं, आमच्याकडून आलेल्या मुलाला इंजिन उघडता-जोडता येतं, पण आमचं इंजिन स्टँडवर असतं. खारं पाणी त्याला कधी लागलेलं नसतं. सी-वॉटर पंपाचा इम्पेलर खाल्लेला, हीट एक्स्चेंजरमध्ये साका धरलेला, झिंकचा तुकडा संपूनही कुणी बदललेला नाही, हे तो तुमच्याकडेच पहिल्यांदा बघणार. पहिले दोन महिने त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नका.

तिसरं, वेळ तुमच्या बाजूनं आहे. मुलं साधारण पावसाळ्यात परीक्षा देऊन मोकळी होतात. तेव्हा घेतलात तर मासेमारीच्या हंगामात तो बंद पडलेल्या बोटींची कामं बघतो. पुढच्या वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत सगळ्या बोटी वर ओढलेल्या, इंजिनं उतरवलेली, तोवर त्याचा हात बसलेला. पूर्ण ओव्हरहॉल शिकायला याहून चांगली शाळा महाराष्ट्रात नाही, असं माझं मत. शेवटी परीक्षेला बसवा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळालं की मुलाला रेल्वेपासून सगळीकडे उपयोग होतो. ते मिळणार म्हणूनच चांगली मुलं कमी पैशात वर्षभर थांबतात.

कुडाळचो_बापूस

माझो झील एका कंपनीत अप्रेंटिस होतो. नाव सांगनय नाय. फिटर म्हणान घेतल्यानी आणि पेट्ये उचलूक लावल्यानी. झील म्हणता, पैसे कमी होते तेचा वायट वाटला नाय, पान्याक हात लावूक दिल्यानी नाय तेचा वाटला. शेठ, घेतलास तर शिकवा. नायतर हमाल हमालाच्या रोजान घेवा.

कॅनिंगची_हिशेबवाली

बापूसांना शंभर टक्के अनुमोदन. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडेही सुपरवायझर येतात, ‘ताई, अप्रेंटिस मोकळे दिसतायत, सोलायला बसवू?’ मी नाही म्हणते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. ज्याला स्वस्तात हात पाहिजेत त्यानं ह्या भानगडीत पडू नये, पोरं आयटीआयमध्ये जाऊन सगळं सांगतात आणि पुढच्या वर्षी चांगला मुलगा तुमचं नाव ऐकून येत नाही.

मिरकरवाड्याचा_बर्फवाला

वहीची युक्ती पटली. मिस्त्रीला चुकीचं लिहिलेलं सहन होणार नाही, हे मात्र खरं. बिलात एक शब्द चुकला तरी दिवसभर पुटपुटतो.

एक राहिलं. माझा भाचा म्हणतो, मुख्यमंत्र्यांच्या योजनेतून घे, सगळे पैसे सरकार भरतं. ते बरं नाही का?

कॅनिंगची_हिशेबवाली

ती युवा कार्यप्रशिक्षण योजना, २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० राज्य सरकार देतं हे बरोबर. पण सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, नंतर वाढवून अकरा केली. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचं ते प्रशिक्षण नव्हे, त्यामुळे निदेशक सर म्हणतात ते प्रमाणपत्रही त्यात नाही. ऑफिसातल्या कामाला ती ठीक. तुमच्या कॉम्प्रेसरसाठी मी खिशातले ५,५०० घालीन.

आधी पोर्टलवर आस्थापना म्हणून नोंदणी करा, मग आयटीआयला फोन करा. चार मुलं पाठवा म्हणावं, एक निवडतो. निवडताना मिस्त्रीला बाजूला बसवा, त्यालाच ठरवू दे. आणि शक्यतो होडीवाल्यांच्या घरातला घ्या, दर्यावर जायचं नाही पण इंजिन आवडतं असा एखादा प्रत्येक वाडीत असतोच. करार पोर्टलवर नोंदला जाईपर्यंत मुलाला कामाला लावू नका, मध्येच काही झालं तर तो कुणाचाच नसतो. कुठे अडलात तर इथेच लिहा, गणपतीच्या आठवड्यात मात्र मी सापडणार नाही.