भीमाशंकर एका दिवसात: पठारावरून परत फिरावं की देवळापर्यंत जावं?

सह्यवेडा
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ऑफिसातल्या दहा-बारा जणांना भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडस गावी न्यायचं घाटतंय. त्यातले निम्मे माथेरानपलीकडे कधी गेलेले नाहीत. बेत असा: पहिली कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, कशेळेमार्गे टमटमने खांडस. तिथून गणेश घाटाच्या लांब पण सोप्या वाटेने, शिड्यांवरून चढणारी शिडी घाटाची वाट येऊन मिळते त्या पठारापर्यंत चढायचं, पदरगड समोर ठेवून डबे खायचे आणि आल्या वाटेने खाली. देवळापर्यंत जायचं नाही. यावरून ग्रुपात दोन तट पडलेत, म्हणून इथे टाकतोय.

माझं गणित सांगतो. खांडसपासून देवळापर्यंत साधारण ८०० मीटर चढ आहे. नवख्यांना गणेश घाटाने पाच-सहा तास सहज लागतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, रानात त्याच्या आधीच दिसेनासं होतं. वर जाऊन परत उतरणं यात बसत नाही.

लालडबा
मग उतरताच कशाला? वर चढा, दर्शन घ्या, एसटीत बसा. घोडेगाव-मंचर करत रात्री पुण्यात वाकडेवाडीला. गुडघेही वाचतात. भीमाशंकरला निघून देवळाला पाठ दाखवून परतायचं हे मला तरी पटत नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे ते, चहाची टपरी नव्हे.

सह्यवेडा
@लालडबा, सगळी मंडळी डोंबिवली-ठाण्याची आहेत. पुण्याला उतरून पुन्हा मुंबईची गाडी पकडायची म्हणजे घर गाठेपर्यंत मध्यरात्र, आणि सोमवारी ऑफिस. शिवाय एसटी गाठायची घाई झाली की मागे पडलेल्याला सगळे ओढत नेतात. पाय मुरगळतात ते तेव्हाच.

कातळवेडी
गणेश घाट म्हणजे नुसती पायपीट. शिडी घाटाने न्या हो त्यांना! वेळ वाचतो, कातळाला हात लागतो, घरी सांगण्यासारखं काहीतरी होतं. ऑक्टोबरअखेर कातळ कोरडा असतो. नवख्यांना इतकं जपलं तर ते जन्मभर नवखेच राहतील.

सह्यवेडा
ताई, तुमच्यासोबत चारजण असतील तर जरूर जा. बाराजणांत शिडीवर एका वेळी एकच. बाकीचे अकरा अरुंद जागेत उभे, त्यातला एक सेल्फी काढतोय, एकाला खाली बघून घाम फुटलाय. वाचलेला वेळ तिथेच जातो. आणि वर घाबरलेल्या माणसाला खाली आणणं हे वर चढवण्यापेक्षा अवघड.

शेकरूप्रेमी
तुम्ही सगळे वेळेवर भांडताय, मुख्य मुद्दा राहिलाच. जंगल बघायचं असेल तर पठारावरून परतणं म्हणजे उंबऱ्यावरून परतणं. दाट रान पठाराच्या वर आहे: अंजन, जांभूळ, हिरडा, डोक्यावर फांद्यांना फांद्या भिडलेल्या. अभयारण्य १९८५ साली झालं ते शेकरूसाठी (झाडावरची मोठी खार), आणि शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला भिडलेल्या फांद्याच लागतात.

पण एक कडू गोष्टही ऐका. शेकरू सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर हिंडतो, मधल्या वेळात पडून असतो. खांडसहून चढणारा माणूस वर पोचतो तो नेमका भर दुपारी. त्याला दिसतात फांद्यांच्या टोकाला बांधलेली काटक्या-पानांची घरटी. म्हणून माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. शनिवारी एसटीने वर या, मुक्काम करा, रविवारी पहाटे गुप्त भीमाशंकरच्या वाटेने शांतपणे फिरा. घाट चढायची हौस वेगळ्या दिवशी भागवा.

लालडबा
@शेकरूप्रेमी, आता एका दिवसाचे दोन झाले. उद्या म्हणाल, रजा टाका!

धुकंधुकं
ऑक्टोबरात काय ठेवलंय? जुलैत जा. धबधबे, ढग, सगळी वाट हिरवीगार.

सह्यवेडा
३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, ते जवळच्याच आंबेगाव तालुक्यातलं. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गेली, ती शेजारच्या खालापूर तालुक्यात. गावं गेली तिथे आपण रविवारची मजा म्हणून निसरड्या वाटेवर नवखे घेऊन जायचं? आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात ते आधी तपासावे लागतात, ते वेगळंच.

धुकंधुकं
दरडीच्या भीतीने घरी बसायचं तर कोकणात कुणी राहूच नये. पाऊस बघून ठरवायचं, महिना बघून नाही.

खांडसकर
मी इथलाच. एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही पठारावरून फिरा नाहीतर देवळात जा, आम्हाला सारखंच. पण अंधारात कुणी चुकलं की फोन गावात येतो आणि बॅटऱ्या घेऊन आमचीच पोरं निघतात. पठारावर गवत वाढलं की ढोरवाटा आणि खरी वाट सारखीच दिसते, मोबाईलवरची रेघ तिथे भरवशाची नाही. गावातला माणूस सोबत घ्या. पैसे आधी बोलून ठरवा, परत आल्यावर घासाघीस नको. आणि डबे कशाला आणता? पिठलं-भाकरी आदल्या दिवशी सांगितली तर गावात मिळते.

लालडबा
खांडसकर दादा, तुम्हीच सांगा, साडेअकराला पठारावर पोचले तर देऊळ होईल की नाही?

खांडसकर
देऊळ होईल. उतरणं होणार नाही. ज्यांना जायचंय त्यांना वर पाठवा, एसटीने जाऊ देत. बाकीच्यांना मी खाली आणतो.

सह्यवेडा
ग्रुप फोडायचा नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे ते नको. साडेबाराला जिथे असू तिथून परत, मग पठार आलेलं असो वा नसो. @खांडसकर, माणूस आणि बारा जणांची भाकरी नक्की धरा, आकडा शुक्रवारी कळवतो.

लालडबा
पठारसुद्धा नाही आलं तर? त्यापेक्षा माथेरानलाच न्या की परत.