मदत हवी आहे: न दिसणारी दिव्यांची लुकलुक, एकाग्रता आणि चिडचिड

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे, तिची व्यवस्था मी बघतो. दिवाळीनंतर मोठ्या हॉलमधल्या ट्यूब काढून एलईडी पॅनेल बसवले. उजेड भरपूर, बिलही कमी. पण संध्याकाळी बसणारी मुलं म्हणू लागली की डोकं जड होतं, वाचलेलं आत शिरत नाही, उगाच चिडचिड होते. मग एकाने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये छताचा व्हिडिओ घेतला. त्यात पॅनेल सारखे विझताना-पेटताना दिसतात. तो ग्रुपवर फिरला आणि तक्रारी एकदम वाढल्या. माझी खरी अडचण इथेच आहे. दिव्यांचा त्रास किती आणि व्हिडिओ पाहून वाटू लागलेला किती, हे आता वेगळं कसं काढायचं?

थोडं वाचन केलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. एवढी जलद लुकलुक बहुतेकांना दिसत नाही, तरी डोळ्याच्या पडद्याचे विद्युत संकेत मोजले तर त्यात ती उमटलेली सापडते. ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एका कार्यालयात जुन्या चोकच्या ट्यूब आणि उच्च वारंवारतेच्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब आलटून पालटून वापरल्या. कधी कोणत्या, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोक असताना डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. म्हणजे डोकेदुखीची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही.

लक्ष आणि मन:स्थिती यांचं गणित मात्र सरळ नाही. २००९ मध्ये एका गटाने दाखवलं की स्क्रीनवरच्या ५० हर्ट्झच्या न जाणवणाऱ्या लुकलुकीकडे लक्ष ओढलं जातं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसं होत नसल्याचं मांडलं. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो स्वीडनमधला क्युलर आणि लाइके यांचा १९९८ चा प्रयोग. ज्यांच्या डोळ्यांना जलद लुकलुक अधिक कळते, अशा माणसांचं काम जुन्या चोकच्या उजेडात वेगाने झालं, पण चुका वाढल्या. ऋण गुण असलेल्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी ही फार गंभीर गोष्ट आहे.

यावरून सुचलं ते असं. आमच्याकडे दर रविवारी सराव चाचणी होते. हॉलच्या अर्ध्या भागात चांगले ड्रायव्हर बसवायचे, पॅनेल तेच ठेवायचे, कुठे काय बदललं ते वायरमनशिवाय कोणालाच (मलाही) कळू द्यायचं नाही, आणि सोडवलेले व चुकलेले प्रश्न वेगवेगळे नोंदवायचे. मुलांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून. स्लो मोशनवाले मोबाइल मात्र बाहेर ठेवावे लागतील!

जाणकारांना विचारायचं आहे:

अशा नोंदीतून काही हाती लागेल का, की माणसागणिक फरक इतका असतो की साठ-सत्तर मुलांत तो बुडून जाईल? चिडचिड कशी मोजावी? "आज कसं वाटलं?" असं विचारलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आयईईई (विद्युत अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या १७८९ क्रमांकाच्या २०१५ च्या शिफारशीत १०० हर्ट्झला उजेडाचा चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी मानला आहे. हे मोजायचं साधन जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याने मिळतं का? दुकानदार नुसतंच "फ्लिकर फ्री आहे, घेऊन जा" म्हणतात, खोक्यावर आकडा नसतो. ड्रायव्हर घेताना नेमकं काय मागावं?

आणि हे तातडीचं: दोन मुलींना अर्धशिशी आहे. त्यांना तूर्त जुन्या खोलीत, इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली बसवलं आहे. एवढं पुरेसं आहे का, की रात्रीसाठी आणखी काही करायला हवं?