टाकीची स्क्रिप्ट लॅपटॉपवर चालते, जुन्या मोबाईलवर मान टाकते

टाकीवाला: मी वाघोलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी, प्रोग्रॅमर नाही. आमच्याकडे पाणी टँकरचं. बिलात बारा टँकर, पण टाकीत नऊच उतरल्यासारखे वाटले, म्हणून खालच्या टाकीत सेन्सर बसवला. तो दर मिनिटाला फाईलमध्ये एक ओळ लिहितो: तारीख, वेळ, पातळी मीटरमध्ये. माझी बॅश स्क्रिप्ट (बॅश म्हणजे लिनक्सच्या आज्ञा चालवणारा शेल) महिन्याची फाईल वाचते आणि पातळी चढली की 'टँकर आला' लिहिते.

लॅपटॉपवर पाच-सहा मिनिटं लागतात, पण लॅपटॉप मुलीचा. म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये माझा जुना फोन ठेवलाय. 1 जीबी रॅम, अँड्रॉइड 7, त्यात टर्मक्स, म्हणजे फोनवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप. अर्धा तास झाला तरी संपत नाही, फोन इस्त्रीसारखा तापतो. रॅम कमी पडते का? नवा फोन म्हणजे कमिटीचा ठराव, आणि आमच्याकडे झाडूचा ठरावही दोन मीटिंगा खातो.

पेठेतला पेंग्विन: रॅमला कशाला दोष? लूपमध्ये प्रत्येक ओळ एकोने छापून कटला, म्हणजे ओळीतला हवा तो तुकडा कापणाऱ्या आज्ञेला, देताय ना, तीनदा?

टाकीवाला: तीनदाच! शिवाय वजाबाकीला बीसी हा कॅल्क्युलेटर, कारण पातळी 1.82 अशी येते आणि बॅशला दशांश झेपत नाहीत. स्क्रिप्ट पाहिलीत की काय?

पेठेतला पेंग्विन: सुरुवातीला सगळे असंच लिहितात, मीही लिहायचो. हिशोब करा. दिवसाच्या 1,440 ओळी, महिन्याच्या 43,200. ओळीमागे तीन कट, एक बीसी. म्हणजे 1,72,800 वेळा नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, उभी करायची, चार अक्षरं कापायची आणि तिला घरी पाठवायचं. दर पोळीला गॅस विझवून पुन्हा पेटवताय तुम्ही.

सगळं एका ऑकला, म्हणजे ओळीओळीने मजकूर वाचून हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. तो एकदाच उठतो, फाईल एकदाच वाचतो, स्वल्पविरामावर तुकडे स्वतः करतो, दशांशही त्याला येतात. मागच्या ओळीची पातळी व्हेरिएबलमध्ये ठेवा, आताच्या पातळीतून वजा करा. चार-पाच ओळींत काम होतं. आणि रोज अख्खा महिना कशाला वाचायचा? टेल या आज्ञेने फाईलच्या शेवटच्या 1,440 ओळी घ्या.

टाकीवाला: ऑकचे महिरपी कंस बघून घाबरलो. कट आणि बीसी काढले, पातळी सेंटीमीटरमध्ये लिहायला लावली आणि बॅशऐवजी डॅश हा हलका शेल वापरला. वेग आला! पण सकाळी 7:59 पर्यंत ठीक, आठच्या ओळीला स्क्रिप्ट मरते. रोज आठलाच.

पेठेतला पेंग्विन: हाहा, सगळे एकदा तरी या खड्ड्यात पडतात. वेळेतला तास '08' असा येतो. आकड्यापुढे शून्य दिसलं की शेल तो अष्टमान धरतो, आणि अष्टमानात 8 आणि 9 नसतातच. 07 पर्यंत किंमत तीच राहते, म्हणून कळत नाही. पुढचं शून्य छाटून मग गणित करा. ऑक घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता, पण तुम्ही सेक्रेटरी, तुम्हाला कोण सांगणार.

उंड्रीकर: स्क्रिप्टमधलं मला कळत नाही, टँकरमधलं कळतं. नुसता 'चढ' मोजू नका. लागोपाठ दोन आले तर एकच धरला जाईल. 10,000 लिटर म्हणजे 10 घनमीटर. टाकीचा तळ 20 चौरस मीटर असेल तर एका टँकरला 50 सेंटीमीटर चढ. किती सेंटीमीटर चढलं ते बघा. आणि त्याच वेळी वरच्या टाकीची मोटर चालू असेल तर चढ कमी दिसणारच.

टाकीवाला: शेवटी ऑकच घेतला. फोनवर आता तीन सेकंद, गरमही होत नाही.

उंड्रीकर, वॉचमनला विचारलं. म्हणाला, "टँकर आला की मी मोटर लावतोच साहेब, नाहीतर खालची टाकी वाहते." टँकरवाल्याला रविवारी गेटवर सगळ्यांसमोर काय काय बोललो होतो, ते इथे लिहीत नाही.