'मुक्त', 'प्राधान्य' आणि 'सर्वाधिक पसंती' : व्यापारातील तीन शब्द

प्रश्न : दक्षिण आशियातील व्यापारावरच्या एका लेखाचे संपादन करताना 'प्राधान्य व्यापार', 'मुक्त व्यापार' आणि 'सीमाशुल्क संघ' हे शब्द लेखकाने एकमेकांच्या जागी वापरलेले आढळले. एका परिच्छेदात तर साप्टा आणि साफ्टा या दक्षिण आशियाई देशांमधल्या दोन्ही करारांना 'मुक्त व्यापार करार' म्हटले आहे. हे केवळ शैलीतले पर्याय मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. साप्टामधला 'प' प्राधान्याचा आहे. मूळ इंग्रजी नावातले अक्षर आणि मराठी शब्दाचे आद्याक्षर इथे योगायोगाने जुळले आहे. १९९३ मध्ये ढाक्यात झालेल्या त्या करारानुसार सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतील देशांनी एकेका वस्तूवर वाटाघाट करून, शेजाऱ्याच्या मालाला इतरांच्या मालापेक्षा कमी आयात शुल्क लावायचे होते. २००४ मध्ये इस्लामाबादला स्वाक्षऱ्या झालेल्या आणि २००६ मध्ये अमलात आलेल्या साफ्टाने ही रीत उलटी केली. तिथे शुल्ककपात सर्वसाधारणपणे साऱ्या मालाला लागू धरली गेली आणि जो माल कपातीतून वगळायचा, तो प्रत्येक देशाने आपल्या 'संवेदनशील यादी'त घालायचा असे ठरले. या याद्या लांबलचक झाल्या, ही गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ता : मग साफ्टाला 'शुल्कमुक्त व्यापाराचा करार' म्हटले तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही, कारण साफ्टाचे उद्दिष्ट शुल्क शून्य ते ५ टक्क्यांवर आणण्याचे होते, म्हणजे ४ टक्के शुल्क भरून आलेला मालही 'मुक्त व्यापारा'तलाच ठरतो. 'मुक्त' हे येथे विशेषण कमी आणि संज्ञेचा भाग अधिक आहे. काही जण 'खुला व्यापार' सुचवतात, पण तो शब्द परवाने व बंधने सैल करण्याच्या धोरणासाठी रुळलेला असल्याने मी तो टाळेन.

'सीमाशुल्क संघ' मात्र सर्वस्वी निराळा आहे. मुक्त व्यापार क्षेत्रात बाहेरच्या जगासाठी प्रत्येक देशाचे शुल्क वेगवेगळे राहते, तर संघात सर्वांचे बाह्य शुल्क एकच असते, जसे युरोपीय आर्थिक समुदायाने १९६८ मध्ये केले. या फरकामुळेच मुक्त व्यापार क्षेत्राला 'उगमाचे नियम', म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणारे नियम, लागतात. समजा, क्षेत्राबाहेरचे पामतेल कमी शुल्काच्या देशात उतरवले, तिथे त्याचे वनस्पती तूप केले आणि ते शेजारी देशात सवलतीने पाठवले, तर ते तूप नेमके कोणत्या देशाचे? भारत-श्रीलंका मुक्त व्यापार कराराच्या आरंभीच्या वर्षांत हाच वाद झाला होता. या नियमांना 'मूळ नियम' म्हणणे घातक आहे, कारण वाचक त्याचा अर्थ 'आधीचे नियम' असा घेतो.

आणखी एक उत्तर : याच ओळीतला सर्वांत फसवा शब्द 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र' हा आहे. भारताने तो दर्जा पाकिस्तानला १९९६ मध्ये दिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, काढून घेऊन तिथून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावले. शब्द ऐकून वाटते की काही खास लाड चालले होते. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की इतर कोणत्याही देशाला दिलेली चांगली वागणूक यालाही मिळेल, आणि जागतिक व्यापार संघटनेत सदस्यांनी परस्परांना ती देणे हा सर्वसाधारण नियमच आहे. मुक्त व्यापार करारातल्या सवलती या नियमाला अपवाद म्हणून दिल्या जातात. म्हणजे 'सर्वाधिक पसंती'च्या राष्ट्रापेक्षा करारातला भागीदार अधिक पसंतीचा! माझ्या मते 'समान वागणुकीचा दर्जा' हा प्रतिशब्द अर्थाला अधिक धरून आहे, पण वृत्तपत्रांत रूढ झालेला शब्द आता हटणे कठीण दिसते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. साप्टाला 'प्राधान्य व्यापार व्यवस्था' आणि साफ्टाला 'मुक्त व्यापार क्षेत्र' असे बदल केले आहेत. 'सर्वाधिक पसंती' तशीच ठेवून पहिल्या उल्लेखाशी एका वाक्यात तिचा अर्थ दिला आहे.