पाचशे रुपयांत टीपॉयला ‘कोकणी लूक’? आधी एक पावसाळा काढून दाखवा

सुतारपक्षी
सकाळपासून तीन जणांनी तीच पोस्ट पाठवली. ‘पाचशे रुपयांत टीपॉयला अस्सल कोकणी लूक.’ ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तिच्यातल्या सूचना: टीपॉयवर इरकली कापड अंथरून वर काच टाका. करवंटी घासून खोबरेल चोळा, झाली वाटी. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, कपाखाली कोस्टर म्हणून वापरा. मधोमध जांभ्याचा तुकडा, त्यावर मेणबत्ती. आणि बाटलीत किनाऱ्यावर सापडलेला समुद्रपंखा. फोटोत खिडकीतून कडक ऊन पडलंय. हाच फोटो आत्ता जुलैत परत काढा म्हणावं.

कापडावर काच म्हणजे बुरशीची शेती. किनाऱ्यावरच्या घरात जून ते सप्टेंबर कापड कधी पूर्ण सुकत नाही. वर काच टाकली की ओल कोंडते आणि पंधरा दिवसांत काळे ठिपके दिसतात. इरकलीचा रंग कच्चा असेल तर तो खालच्या पॉलिशमध्ये उतरतो, मग रंधा मारण्याशिवाय इलाज नाही. काच हवीच असेल तर ती उघड्या लाकडावर, चारही कोपऱ्यांना आणि मध्ये एक अशा पारदर्शक सिलिकॉनच्या चकत्या लावून ठेवायची. दोन मिलिमीटर हवा खेळली तरी पुरते. ९० बाय ५० सेंटिमीटरची ५ मिलिमीटर काच साडेपाच किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ती स्वतःच्या वजनाने बसते. गोंद-बिंद लागत नाही.

करवंटीचं तर विचारूच नका. खोबरेल वाळत नाही. चोळल्या दिवशी करवंटी चकाकते, आठवड्यात तिच्यावर धूळ बसून कीटण होतं आणि पावसाळ्यात ती खवट मारते.

माजघर
सुतारपक्षी, तुमचं नेहमीचंच. कोणी हौसेने काही मांडलं की तुम्ही ओलावामापक घेऊन हजर. टीपॉयची सजावट म्हणजे घराचं आढं नव्हे, शंभर वर्षं टिकायला. मार्चमध्ये मांडलं, मेअखेर उचललं, कापड धुऊन ट्रंकेत. पावसाळ्यात दुसरं मांडा. परसात फुकट मिळणाऱ्या गोष्टींनी ऋतूप्रमाणे बदलत राहणं हाच कमी पैशांतला उपाय आहे. काच, चकत्या, पॉलिश यांतच तुमचे पाचशे संपले.

आणि खोबरेल लवकर खवट होत नाही, ही साधी गोष्ट आहे. शेंगदाणा तेल किंवा करडई आधी खवटते.

सुतारपक्षी
बरं, खवटपणाचा मुद्दा मागे घेतो. तुम्ही बरोबर, अभिनंदन. पण चिकटपणाचा घेत नाही. वाळणारं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. अळशीचं होतं, खोबरेलाचं होत नाही, कारण त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असतात. करवंटी करायची तर नीट करा. आतला खोबऱ्याचा अंश सुरीने खरवडून काढा, बाहेरचे काथ्याचे तंतू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८०, मग ३२०. शेवटचा हात ओला करून मारला तर धूळ उडत नाही. पूर्ण सुकल्यावर डबल बॉइल्ड अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून टाका, हे पुसणं चुकवलं की राळेसारखा थर बसतो. एक दिवस थांबा, परत. तीन हात. आणि तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो वाळताना आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रापण
ह्या सगळा वाचलंय. पण चायचो कप खंय ठेवचो, ता कोणीच सांगूक नाय.

शेवाळ
तुम्ही करवंटीवर भांडताय आणि समुद्रपंख्यावर कोणी चकार शब्द काढला नाही? सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. समुद्रपंखा म्हणजे झाड नव्हे, प्रवाळाच्या कुळातल्या प्राण्यांची वसाहत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून आहेत. मेलेला असो, वाळलेला असो, किनाऱ्यावर वाहून आलेला असो, घरात ठेवणं गुन्हाच. वाघाचं कातडं ‘सापडलं होतं’ म्हणून भिंतीवर लावता का? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं ते काय बाटलीत भरायला?

माजघर
समुद्रपंख्याचं मान्य. पोस्टवाल्याला कळवा. पण मग उद्या म्हणाल शिंपलाही उचलू नका.

शेवाळ
म्हणतोच आहे. पुळणीवरचा रिकामा शंख संन्यासी खेकड्याचं घर असतो. एका पर्यटकाने एक नेला तर काही नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत हजार जण पिशव्या भरून नेतात. शिवाय काही शंखही त्याच कायद्यात आहेत, आणि विकणाऱ्याला त्यांची नावं माहीत नसतात, घेणाऱ्याला तर नसतातच.

तिरफळ
शेवाळ, जरा दमानं घ्या. शिंपल्यांसाठी किनाऱ्यावर जायची गरजच काय? तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, खाता ना? एका रविवारच्या सुक्यातून चाळीस-पन्नास शिंपल्या निघतात, त्याही एकाच मापाच्या, जांभळट-करड्या. किनाऱ्यावर इतका सारखेपणा मिळणार नाही.

फक्त त्या नीट धुवा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. मांसाचा कण बिजागरीपाशी अडकून राहतो, वास तिथून येतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती जागा घासा. नंतर ब्लीच आणि पाणी सारखं घेऊन तीन-चार तास भिजवा. व्हिनेगर किंवा फरशीचं ॲसिड अजिबात नको. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात ती फसफसून विरघळते आणि खडूसारखी निस्तेज होते. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, छातीत भरतो. ब्लीचनंतर तीन दिवस साध्या पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. मिठाचा अंश राहिला तर शिंपली पावसाळ्यात घामेजते आणि खालच्या पॉलिशवर पांढरे डाग उठवते. मग लोक सुताराला शिव्या घालतात.

शेवाळ
खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांना माझी हरकत नाही. मात्र खाडीत तिसऱ्या आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत त्याचं कारणही जरा बोला. रेतीचा उपसा! तळच उपसून काढलं तर तिसरी रुजणार कुठे? सक्शन पंप लावून...

माजघर
झालं. टीपॉयवरून रेती. आता बंदर, मग महामार्ग.

शेवाळ
हो, कारण तुमच्या टीपॉयवरचं सगळं तिथूनच येतं. ज्या खाडीच्या जिवावर ‘कोस्टल’ सजावट करता तिचं नाव काढलं की लगेच विषयांतर! तुमच्यासारख्यांमुळेच होमस्टेवाल्यांचं फावलंय. वल्हं भिंतीवर, जाळं छताला, कंदील दारात. वल्हवणाऱ्याच्या घरात मात्र प्लास्टिकची खुर्ची.

माजघर
‘तुमच्यासारख्यां’ म्हणजे कोण? मी कोणाच्याही भिंतीवर वल्हं टांगलेलं नाही. तोंड सांभाळून लिहा.

तिरफळ
दोघेही पाणी प्या. रेतीचा वेगळा धागा काढा, तिथे मीही शेवाळच्या बाजूने लिहीन.

गंजिफांवर परत येऊ, कारण त्या वाक्याने माझंही डोकं फिरलं होतं. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, प्रत्येक हाताने रंगवलेला. पारंपरिक पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवतात आणि वर लाखेचा हात. चहाचा कप ठेवलात की उष्णतेने लाख मऊ होते आणि कप उचलताना मत्स्यावतार कपाच्या बुडाला चिकटून वर येतो. दोनच पत्ते घ्या आणि काचेखाली, पत्त्याला काच टेकणार नाही इतकी फट ठेवून मांडा. वरच्या सिलिकॉनच्या चकत्या इथे कामाला येतात.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं मात्र टीपॉयवर फार शोभतात. पूर्ण परडी घेऊ नका, महाग पडते आणि दुकानासारखी दिसते. एक आंबा, एक काजूचं बोंड, एक वांगं. बस.

सुतारपक्षी
तीनच का, हेही सांगा. नाहीतर लोक सात घेतात.

तिरफळ
उंची वेगवेगळी असेल तर नजर फिरते, म्हणून. एक उंच, एक मध्यम, एक बसकी. उंच वस्तू २५-३० सेंटिमीटरच्या वर नको, समोर बसलेल्याचं तोंड दिसलं पाहिजे. बाटलीत क्रोटनच्या दोन फांद्या, देठ तिरका कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून. आठ-दहा दिवस आरामात टिकतात. मात्र पाणी दर चार दिवसांनी बदला. डासाची अळी आठवड्या-दीड आठवड्यात उडायला लागते.

माजघर
आता माझा हिशोब ऐका, म्हणजे ‘हौशी’ लोक काय करतात ते कळेल. घरातलं जुनं पितळी ताट, शून्य रुपये. चिंच-मिठाने घासायचं, खूप पाण्याने धुवायचं, लगेच कोरडं करायचं. काठाच्या नक्षीत चिंच राहिली की तिथे हिरवं चढतं. त्यावर मेणाचा पुसट हात, खाऱ्या हवेत काळवंडायला वेळ लागतो. ताटात क्रोटनची बाटली, करवंटीची वाटी (ठीक आहे, अळशीचं तेल!) आणि लाकडी आंबा. पॉलिश पेपर, तेलाची छोटी बाटली, आंबा, सगळं मिळून पाचशेच्या आत.

आणि ताटच का? चतुर्थीत भजनी मंडळी आली की वीस कप चहा आणि करंज्यांची ताटं एकदम येतात. सजावट एका हाताने उचलून कपाटावर ठेवता आली पाहिजे. सुट्या सुट्या वस्तू मांडणाऱ्यांची त्या दिवशी फजिती होते. ताट टीपॉयच्या एक तृतीयांश जागेत बसलं पाहिजे, बाकी जागा मोकळी. रापण, तुमचा कप तिथे.

रापण
गरम कप पॉलिशार? मगे पांढरा गोल उठता त्येचा काय?

सुतारपक्षी
बघा, या एका माणसाने नेमकं विचारलं. जुन्या टीपॉयला बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. गरम कपाची वाफ थरात शिरते आणि पांढरं कडं उठतं. ते अजून वरच्या थरातच असतं. कोरडं सुती फडकं घडी करून ठेवा, इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ बंद, चार-पाच सेकंद टेकवा, उचला, बघा. गरज पडली तर परत. एकदम अर्धा मिनिट दाबून धरलीत तर पॉलिशच फडक्याला येईल. काळं कडं असेल तर पाणी लाकडापर्यंत पोचलंय, तिथे इस्त्रीचा उपयोग नाही, पॉलिश उतरवूनच काम करावं लागतं.

कपाखाली ठेवायला सुपारीची विरी घ्या, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग. पडलेली ताजी विरी वीस मिनिटं भिजवून मऊ करा, वाटीच्या बुडाच्या मापाने गोल कापा, दोन पाटांमध्ये दाबून वर वरवंटा, दोन दिवस सावलीत. उन्हात वाळवली की वेडीवाकडी होते. खालून फेल्टची चकती लावा. चिकटवायला साधा पांढरा गोंद नको, ओलाव्यात तो मऊ पडतो. पाण्यात टिकणारा, दारं-खिडक्यांना वापरतात तो घ्या. पावसाळ्यात विरीवर बुरशी आलीच तर फेकून द्या.

माजघर
‘फेकून द्या’? टिकाऊपणाचे महामेरू फेकून द्या म्हणतायत!

सुतारपक्षी
फुकटची विरी फेकायची, टीपॉय नाही. जांभ्याच्या तुकड्यालाही हाच नियम. त्याखाली फेल्ट नसेल तर लाल भुकटी पॉलिशमध्ये घासली जाते आणि टीपॉयला खरवडून ठेवते. मेणबत्ती त्यावर ठेवलीच तर वाटीत ठेवा, जांभा मेण पिऊन टाकतो, ते परत निघत नाही.

ताटाची कल्पना चांगली आहे. लिहून टाकलं, आता जास्त ताणू नका.

माजघर
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शेवाळ
रेतीचा धागा काढलाय. तिरफळ, या तिकडे. आणि त्या पोस्टखाली समुद्रपंख्याबद्दल मी लिहिलंय, अजून उत्तर नाही.

रापण
अळशीचा तेल आता जुलयत लावलंय तर सुकात?

सुतारपक्षी
सुकेल, पण एका दिवसाच्या जागी तीन-चार दिवस धरा, आणि मधल्या वेळात बोट लावू नका, ठसा उठतो. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, काजळी बसेल. घाई नसेल तर करवंटी आता नुसती घासून ठेवा आणि तेलाचा हात दसऱ्यानंतर मारा.